बाईंची पसंती

घोट गिळताना धाकट्या बहिणीचा चेहरा क्षणभर आत ओढला गेला आणि लगेच पुन्हा जागेवर आला. लहान मुलाला फसवून औषध पाजलं की होतो तसा. फरक एवढाच की लहान मूल ते लपवत नाही. "छान आहे गं ताई," धाकटी म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मेहुणे ऑफिसातल्या बंद पडलेल्या लिफ्टची गोष्ट रंगवून सांगत होते, पाहुणे हसत होते, आणि ते न विचारता आलेलं उत्तर थोरलीच्या मनात आडवं बसलं. धाकटीला वाइनमधलं काही कळत नाही. आजवर ती दोनच गोष्टी म्हणत आली होती, गोड आहे, नाहीतर आंबट आहे, आणि त्यावरून दोघी पोट धरधरून हसायच्या. 'छान आहे' हा तिचा शब्दच नव्हता. मग तिने एकेकाकडे बघायला सुरुवात केली. मेहुण्यांनी गोष्ट संपवून ग्लास उचलला, "बाईंची पसंती म्हटल्यावर बघायलाच नको!" असं मोठ्याने म्हणाले, एक घोट घेतला आणि दुसऱ्या हाताने पाण्याचं भांडं जवळ ओढलं. त्यांच्या बहिणीने ओठ टेकवून खाली ठेवलेला ग्लास पुन्हा उचलला नाही. आणि जिच्यासाठी हे जेवण होतं ती भाची, नोकरीसाठी दूरदेशी निघालेली, तिने तर आपला ग्लास फुलदाणीच्या मागे सारून ठेवला होता. मावशीशी नजरानजर होताच ती इतकी गोड हसली, की आजारी माणसाला भेटायला आलेली माणसं हसतात त्याची आठवण व्हावी.

वाइनची पेटी खिडकीखाली उघडी पडली होती. दारातून आत येतानाच धाकटीने ती डोळे मिचकावून दाखवली होती. "तुझ्याच दुकानातून आणली, तुला न कळवता. म्हटलं, ताईला जरा चकित करू." चकित तर ती झालीच होती. पेटीवर तिचा फोटो होता, पाच-सहा वर्षांपूर्वीचा, नाक ग्लासात आणि डोळे मिटलेले. खाली ठसठशीत अक्षरांत 'बाईंची पसंती', आणि त्याखाली 'फ्रान्सच्या बारा बाटल्या, सहा लाल, सहा पांढऱ्या, खास सवलतीत'. दुकानात तिला सगळे बाईच म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा. पण अशी पेटी निघाल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. भागीदार सांगायचा विसरला असेल, तिने स्वतःशी म्हटलं होतं; हल्ली आपण दुकानात रोज जात नाही, त्याच्या एकट्याच्या डोक्यावर सगळं. आता तिने आपला ग्लास उचलला, सवयीने दोनदा फिरवला, नाकाशी नेला. काही नाही. गेल्या हिवाळ्यापासून होतं तेच काही नाही. खिडकीच्या काचेला नाक लावून उभं राहिल्यासारखं. पलीकडे सगळी बाग आहे, आणि आपल्याला नुसती गार काच. जिभेवर आंबटपणा आला, गालांना आतून चिकटणारा तुरटपणा आला, थोडी ऊब. तेवढ्यावरून बरं-वाईट सांगायचं म्हणजे कुणाची सावली बघून त्याचा स्वभाव सांगण्यासारखं होतं.

"मी दुसरी उघडते," असं म्हणून ती पेटीतल्या दोन बाटल्या घेऊन स्वयंपाकघरात गेली. ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून तिने बाटलीच्या तोंडावरचं धातूचं टोपण बोटांत धरून फिरवून पाहिलं. ते फिरायला हवं होतं. ते काचेला चिकटलं होतं. तिने चाकूने कडा कापली. आत वाळलेला चिकट ओघळ होता, आणि बूच नखाएवढं वर आलेलं होतं. दुसरी बाटली, तेच. ती गुपचूप बाहेर जाऊन आणखी दोन घेऊन आली, पांढरीचंही तेच. बोटं सांगत होती आणि तिला ती खोटी ठरवता येत नव्हती. बाटल्या तापल्या होत्या. गोदीत उन्हात उभ्या राहिलेल्या कंटेनरचं थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं की आतली वाइन फुगते, बुचाला ढकलते, कडेने पाझरते, आणि मग गार झाली की बाहेरची हवा आत ओढून घेते. व्यवसायात त्याला एकच शब्द होता: शिजली. शिजलेली वाइन विष नसते. तिच्याने कुणी मरत नाही. ती फक्त मेलेली असते, आणि ज्याला नाक आहे अशा कुणाही माणसाला ते ग्लास तोंडाशी नेतानाच कळतं. एक बाटली खराब निघणं हे नशीब. हाताला लागेल ती प्रत्येक खराब निघणं म्हणजे कुणीतरी त्या तशा आहेत हे बघून, उचलून, त्यावर तिचा फोटो चिकटवून मांडल्या होत्या.

बाहेर हसण्याची लाट आली आणि ओसरली. तिने उघडलेली बाटली तशीच ओट्यावर ठेवली, थंड नळाखाली मनगटं धरली.

घरात तिला हाक मारायची ती आधी नाक म्हणून, नाव नंतर. वडिलांनीच ठेवलेलं. "नाक कुठे गेलं? नाकाला बोलवा," असं ते दारातून बूट काढता काढता ओरडायचे, आणि ती धावत जाऊन त्यांच्या कोटाला नाक लावून सांगायची, आज बँकेत गेला होतात, आज न्हाव्याकडे, आज त्या सर्दी झालेल्या साहेबाशेजारी बसला होतात. साहेबाचं ती कापराच्या वड्यांवरून ओळखायची. कपाटामागे मेलेला उंदीर सगळ्यांच्या आधी तिला कळला. आई आजारी आहे हे डॉक्टरांच्या आधी तिला कळलं होतं. आईच्या उशीला एक गोडसर, पिकत चाललेला वास यायला लागला होता आणि ती तो कुणाला सांगू शकली नव्हती. धाकटीला गाता गळा होता, हिला नाक. गळा पाहुण्यांसमोर काढून दाखवता यायचा. नाक घेऊन काय करायचं हे मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं. नातेवाईक थट्टेने म्हणायचे, ही मोठी होऊन नाकाने कांदे सोलणार. तिने ते खरंच केलं, आणि त्यावर पोट भरलं. आयात करणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात ती कारकून म्हणून लागली आणि वर्षभरात तिथले लोक बाटली उघडली की आधी तिला हाक मारायला लागले. तिथेच भागीदार भेटला. तेव्हा तो भागीदार नव्हता, विक्रीवरचा एक बोलका तरुण होता. त्याला लोकांची नाडी कळायची, तिला बाटल्यांची. दोघांनी मिळून दुकान काढलं. लोकांना आधी शंका आली, मग सवय झाली: हे दोघं नवरा-बायको नाहीत, होणारही नाहीत, आणि एकमेकांशिवाय त्यांचं चालतही नाही. तो लग्न करून मुलाबाळांचा झाला. ती राहिली. त्याबद्दल तिला कधी वाईट वाटलं नाही, म्हणजे वाटलं असलं तरी ते शनिवारच्या दुपारपुरतं. सोमवारी दुकान उघडायचं असायचं.

मग तो ताप. साधाच, सर्दीचा. चार दिवसांनी ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना सामान उचलून न्यावं तसा वासही घेऊन गेली. पहिल्या सकाळी तिने कॉफी केली आणि नुसतं गरम, कडू पाणी प्यायली. तिला हसू आलं. आठवड्याने हसू येईना. कपाटातली अत्तराची बाटली, फिनेल, लसूण, रॉकेल, स्वतःचं अंग, धुवायच्या कपड्यांचा ढीग. ती घरभर फिरून एकेकाला नाक लावत होती आणि कुणीही ओळख देत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित येणार नाही. सगळ्यात वाईट आईची शाल होती. ती इतकी वर्षं पिशवीत बांधून ठेवलेली, वर्षातून एकदा उघडायची, तेही भीतभीत, वास संपेल म्हणून. ती तिने उघडली, तोंडावर घेतली, आणि ते नुसतं कापड होतं. आई दुसऱ्यांदा गेली, आणि ह्या वेळी भेटायलाही कुणी आलं नाही.

हे तिने एकट्या भागीदाराला सांगितलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांवर बसून. त्याने दार लावून घेतलं, तो तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. धाकटीलाही नको. येईल परत. तोवर मी आहे ना तुझं नाक." तिला रडू आलं ते ह्या वाक्यावर, आजारावर आलं नव्हतं. आणि तो खरंच होता. गिऱ्हाइकांना चाखायला बोलवायची संध्याकाळ असली की तो आधी घोट घ्यायचा, तिच्या कानाशी वाकून दोनच शब्द पुटपुटायचा, 'चेरी, ओली माती', 'सफरचंद, जरा मध', आणि ती त्या दोन शब्दांवर आपलं सगळं घर उभं करायची. शब्द तिच्याकडे होतेच, आयुष्यभराचे साठवलेले. ती बोलायची, लोक डोळे मिटून माना डोलवायचे, आणि ती बोलता बोलता पाहायची की आपल्याला खरंच ओली माती दिसतेय, वास नाही तर निदान त्याचा आकार. घरी जाताना मात्र एकच प्रश्न सोबत यायचा. उसन्या नाकावर किती दिवस? पण तो म्हणायचा, "तुझं ज्ञान काय नाकात आहे का? ते डोक्यात आहे. तू थकतेस. दोन दिवस घरी बस, मी बघतो." ती घरी बसायला लागली. हळूहळू त्याने तिच्यापुढे बाटल्या आणणं कमी केलं. ते तिला मायेचं वाटलं. नव्या मालाची चर्चा तिच्यासमोर होईनाशी झाली, तेही मायेचंच वाटलं. आता थंड पाण्याखाली मनगटं धरून उभी असताना ती ते एकेक प्रेम उचलून उलटून पाहत होती, कापड घेताना मागची बाजू बघतात तसं, आणि कुठलंही ओळखू येत नव्हतं.

जेवणं उरकली. तिने कुणाला काही म्हटलं नाही. रिकाम्या रस्त्याने चालत घरी आली, खुर्चीत बसली, आणि संध्याकाळ होईपर्यंत त्याच्या बाजूने वकिली केली. त्यालाही फसवलं असेल. माल घाईत आला असेल, त्याने एखादीच बाटली उघडली असेल, ती नेमकी चांगली निघाली असेल. त्याला स्वतःलाच सर्दी झाली असेल. ह्या शेवटच्या कल्पनेने ती एकटीच मोठ्याने हसली, आणि आपलं हसणं रिकाम्या खोलीत ऐकून गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा दुपार टळत आली होती. दाराशीच पेट्यांचा बुरुज रचलेला होता, प्रत्येक पेटीवर ती डोळे मिटून बसलेली. वीस-पंचवीस मिटलेले चेहरे. भागीदार मागच्या खोलीत पावत्या टाचत होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. ते उजळणं खरं होतं, हे तिला अजूनही वाटतं. "अरे! आज कशी काय? बस, चहा मागवतो."

"चहा नको. ती पेटी कुठून आली?"

"कुठली? हां, ती होय! अगं, तुला सांगायचंच राहिलं. धडाक्यात चाललीये. बाईंचं नाव म्हटल्यावर लोक उड्या मारतात."

"माल शिजलेला आहे."

त्याचे हात थांबले. टाचणयंत्र अर्धं उघडं त्याच्या मुठीत राहिलं. आणि तो म्हणाला, "कुणी सांगितलं तुला?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिने कालपासून त्याच्यासाठी उत्तरं तयार करून ठेवली होती. 'छे, काहीतरीच काय', 'असं कसं होईल', 'थांब, आत्ता उघडून बघतो'. त्यातलं कुठलंही चाललं असतं; तिने विश्वास ठेवला असता, हट्टाने ठेवला असता. पण तो ह्यातलं काहीच म्हणाला नाही. त्याला माल कसा आहे हा प्रश्नच पडला नव्हता. प्रश्न एवढाच होता की हिला कसं कळलं. हिला कळायला नको होतं.

"कुणी नाही सांगितलं," ती म्हणाली. "बोटं आहेत अजून मला."

तो खाली बसला. मग बोलायला लागला, आधी हळू, मग भराभर. कंटेनर अडकून पडला होता, मालकाला मोकळा करायचा होता, जवळजवळ फुकटात मिळत होता. दुकान कसं चाललंय हे तिला माहीत नाही, त्याने कळूच दिलं नाही. ह्या पेटीवर वर्ष निघेल. "आणि खरं सांग, लोकांना कळतं का गं? पन्नासातल्या एखाद्याला. बाकीचे पेटीवरचं वाचतात आणि तेच त्यांना लागतं. हे तूच मला शिकवलंस."

"मी असं शिकवलं नाही."

"बरं, नाही शिकवलंस. पण तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

"म्हणून विचारलं नाही."

"आणि मी वास घेऊन बघेन अशी भीती नव्हती."

त्याने मान खाली घालून टाचणयंत्र मिटलं. बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा एकसुरी आवाज येत राहिला. मग त्याने मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यासकट तो म्हणाला, "इतके दिवस कुणाच्या जिभेवर बोलत होतीस तू? मी कधी काढलं का ते? माझं नाक तुला चालत होतं. तुझं नाव मला एकदा चाललं, तर लगेच मी चोर?"

हे वाक्य नंतर तिला पुष्कळ दिवस पुरलं. त्यात तथ्य होतं, हीच तर त्यातली सुरी होती. त्या वेळी तिला एवढंच जाणवलं की मागच्या खोलीत त्या दिवशी तिने जे त्याच्या ओंजळीत ठेवलं होतं, ते त्याने फेकून दिलं नव्हतं, हरवलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं. त्याने ते जपून ठेवलं होतं, आणि वेळ आल्यावर वापरलं. ती उठली. "मी ते फोटो काढतेय," म्हणाली आणि बाहेर आली.

बुरुजापाशी एक उंच, सभ्य गृहस्थ उभे होते. ढकलगाडीवर दोन पेट्या चढवून वरचा कागद वाचत होते. ती आली तसं त्यांनी एकदा कागदाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "तुम्हीच ना ह्या? वा! काय योग आहे. मी म्हणतच होतो, दोन घेऊन ठेवाव्यात."

"घेऊ नका," ती म्हणाली. "खराब आहे. ही मी निवडलेलीसुद्धा नाही."

गृहस्थ हसले. "तुम्ही जाणकार मंडळी फार कडक असता हो. आम्हाला आपलं चालतं."

आणि तिच्या पाठीमागून भागीदाराचा आवाज आला, तोच, गिऱ्हाइकांसाठी राखलेला, लोण्यात घोळलेला. "बाई थट्टा करतात साहेब. त्यांना फ्रान्सच्या राजाची वाइन दिली तरी नाक मुरडतील."

गृहस्थ आणखी हसले. तिने मागे वळून पाहिलं. भागीदाराने डोळे पुसले होते, हसू लावलं होतं, आणि तिच्याकडे बघत मान किंचित हलवत होता. 'नको' अशी, विनवणीची. वीस वर्षांत तिने त्याचं ऐकलं नाही असं फारसं झालं नव्हतं.

"मला वास येत नाही," ती मोठ्याने म्हणाली. दुकानात आणखी तिघं-चौघं होती, ती वळली. "गेल्या हिवाळ्यापासून मला कसलाच वास येत नाही. हे मी लपवलं. ह्या बाटल्या उन्हात तापून गेलेल्या आहेत. ह्यांना ते माहीत आहे. मला कळणार नाही, हेही ह्यांना माहीत होतं."

ती वाट बघत होती. कशाची, ते तिलाही सांगता आलं नसतं. कुणी ओरडेल, कुणी शिव्या घालेल, कुणी भागीदाराला जाब विचारेल. कोपऱ्यातली एक बाई हातातली बाटली जागेवर ठेवून निघून गेली. उंच गृहस्थ अवघडले. त्यांनी पेट्यांकडे पाहिलं, सवलतीच्या लाल पट्टीकडे पाहिलं, तिच्याकडे बघायचं टाळलं. मग वरची पेटी उचलून हलकेच बुरुजावर परत ठेवली.

"मग एकच घेतो," ते म्हणाले.

तिने फोटो काढले. एकेक ओरबाडून, नखांत कागदाचे कपटे भरेपर्यंत. भागीदाराने अडवलं नाही. तो गल्ल्यावर उभा राहून त्या गृहस्थांची पावती करत होता. किल्ली तिने त्याच्या कोपराशी ठेवली. त्याने ती बघितली, न बघितल्यासारखं केलं, आणि गृहस्थांना विचारलं, "गाडीपर्यंत पोचवू का?"

तिथून ती धाकटीकडे गेली, कारण पाय तिकडे वळले. आतल्या खोलीत भाची सामान भरत होती, बॅगेवर बसून चेन ओढल्याचे आवाज येत होते. धाकटी ओट्यापाशी कालचे उंच ग्लास पुसत होती. ताईचा चेहरा पाहून तिने फडकं बाजूला ठेवलं.

"काल वाइन वाईट होती," ती म्हणाली. "तू छान का म्हणालीस?"

"अगं... होती की बरी."

"मला वास येत नाही."

तिने हे आज दुसऱ्यांदा म्हटलं होतं आणि तिला वाटलं होतं, आता धाकटी दचकेल, तोंडावर हात ठेवेल. धाकटी नुसती खुर्चीत बसली. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखे ते खाली आले.

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. मी आले होते तुझ्याकडे, तर घरात गॅसचा वास भरलेला आणि तू मस्त पेपर वाचत बसलेली. मी गुपचूप बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. म्हटलं, उकडतंय. मग दर वेळी आले की फ्रीज बघायला लागले. तुझं नासलेलं दूध टाकायचे, नवीन ठेवायचे. तुला कळलं नाही ना?"

नाही, कळलं नव्हतं. दूध आपलं टिकतं बुवा फार, असं तिला वाटायचं. आठवून तिच्या कानशिलांना गरम वाटायला लागलं. "मला का नाही बोललीस?"

"तू तरी कुठे बोललीस ताई?" धाकटीने फडकं पुन्हा हातात घेतलं. "मी त्यांना फोन केला होता, तुझ्या भागीदारांना. म्हटलं, ताईला कळू देऊ नका मला कळलंय म्हणून, ती खचेल. तिला सांभाळा. ते म्हणाले, अजिबात काळजी करू नका. फार चांगलं बोलले. परवा पेटी घ्यायला गेले तर स्वतः उचलून गाडीत ठेवली त्यांनी."

"कळलं तुला? खराब आहे ते? काल, घोट घेतल्यावर?"

"लगेच. पण म्हटलं, तुझा फोटो आहे वर. सगळ्यांसमोर कशाला..." धाकटी थांबली. "यांनाही सांगितलं होतं मी, काही बोलू नका. पोरीलाही, वन्संनाही."

म्हणजे काल टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. नुसती वाइन नव्हे, तिचंही. तिच्याभोवती किती दिवस माणसं चवड्यांवर चालत होती, आणि तिला वाटत होतं की लपवते आहे ती आपण. एकाने तिचं व्यंग विकलं होतं, दुसरीने पदराखाली झाकलं होतं, आणि मधल्या मध्ये तिला मात्र कुणीच काही विचारलं नव्हतं. धाकटीवर रागवायला हवं होतं की तिला जवळ घ्यायला हवं होतं? ती दोन्ही करू शकली नाही. उभी राहिली, खिडकीखालून पेटी ओढत ओट्यापाशी आणली, आणि उरलेल्या बाटल्यांपैकी एक उघडून बेसिनमध्ये ओतायला लागली. लाल पाणी भोवऱ्यात फिरत खाली गेलं. दुसरी. तिसरी. धाकटीने उठून खिडकी उघडली, मग नाकाला पदर लावायला गेली आणि अर्ध्यातच हात खाली घेतला.

"लाव की," ती म्हणाली. "मला दाखवायला लाज कसली?"

धाकटी तशीच उभी राहिली. आतून भाचीने विचारलं, "आई, कसला वास सुटलाय गं?"

तिने चौथी बाटली उघडली. ह्या वेळी बेसिनमध्ये ओतली नाही. नुकत्याच पुसलेल्या ग्लासात बोटभर ओतून ग्लास धाकटीपुढे धरला. "सांग. काय येतंय?"

"मला नाही गं सांगता येत. ते तुझं काम."

"तुला येईल तसं सांग. पण खरं सांग."

धाकटीने ग्लास घेतला, दोन्ही हातांनी, तबक धरावं तसा. नाक आत घातलं. डोळे आपोआप मिटले. गाण्याआधी सूर शोधताना थांबायची तशी थांबली. "जॅम करपल्यासारखं आहे," ती शेवटी म्हणाली. "पातेल्याच्या बुडाशी. आणि त्याच्याखाली... बंद गाडीत विसरलेली फळं असतात ना, उन्हात, तसं. आणि थोडंसं पुठ्ठ्यासारखं. ओल्या." तिने डोळे उघडले आणि ताईकडे बघितलं, शाळेत उत्तर देऊन बाईंकडे बघावं तसं. "बरोबर आहे का?"

ती धाकटीच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होती. कपाळ, भुवया, ओठांच्या कडा. कुठे काही आत ओढलं जातंय का, कुठे काही लपतंय का. बरोबर असेल. तिला बरं वाटावं म्हणून बेतलेलंही असेल; शिजलेल्या वाइनला असाच वास येतो, हे तीच धाकटीला पूर्वी कधीतरी हसता हसता बोलली असेल. आता जगातल्या कुठल्याही वासाबद्दल तिला कुणी काहीही सांगितलं, तर ते खरं की खोटं हे ठरवायला तिच्याकडे स्वतःचं असं काही नव्हतं. समोरचं माणूस होतं, तेवढंच.

तिने पाचवी बाटली उघडली, दुसऱ्या ग्लासात ओतली आणि पुढे केली.

"आणि हिचा?" ती म्हणाली.